सेवेला शीण येतो काय?

सेवा हा शब्द आम्हां कीर्तनकारांच्या तोंडी इतका बसलेला आहे की, तो उच्चारताना जिभेला काही कष्टच पडत नाहीत. गुरुसेवा, संतसेवा, जनसेवा, रुग्णसेवा, एका दमात म्हणून जातो आणि टाळकरी टाळ वाजवतात. परंतु ज्याला ती सेवा दररोज, ठरल्या वेळी, ठरल्या जागी करावी लागते, त्याचे पाय दुखतात की नाही, त्याचे मन विटते की नाही, हा प्रश्न कीर्तनात सहसा येत नाही. आज तोच प्रश्न घेऊन वाचकांपुढे येत आहोत आणि उदाहरणाला दवाखान्यातील परिचारिका घेत आहोत, जिला आपण सगळे सिस्टर म्हणून हाक मारतो.

परिचारिका हा शब्दच मोठा बोलका आहे बरं का. 'परि' म्हणजे सभोवार आणि 'चर्' म्हणजे फिरणे. रोग्याच्या सभोवार जी फिरते ती परिचारिका. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चौघांचेही चार चार गुण तेथे मोजले आहेत. परिचारकाला उपचाराचे ज्ञान हवे, दक्षता हवी, अनुराग हवा आणि शुचिता हवी. आता यातील तीन गुण शिकवता येतात. ज्ञान पाठशाळेत मिळते, दक्षता सरावाने येते, शुचिता नियमाने बाणते. पण अनुराग? पगारपत्रकात तो कोणत्या रकान्यात लिहावा? आणि तो मागायचा कोणाविषयी, तर काल रात्री भरती झालेल्या, नावगाव ठाऊक नसलेल्या, कदाचित शिव्या देणाऱ्या माणसाविषयी. आणि आठवड्यातून सहा दिवस. अमेरिकेत आर्ली हॉक्शिल्ड नावाच्या विदुषीने विमानातील सेविकांचे काम जवळून पाहून १९८३ साली एक ग्रंथ लिहिला आणि मनातल्या भावनांना आवर घालून चेहऱ्यावर ठरलेली भावना ठेवणे हेही एक श्रमाचेच काम आहे, असे मांडले. आम्ही त्याला भावश्रम म्हणू. चरकाचार्यांच्या यादीतील तिसरा गुण म्हणजे हाच भावश्रम. फरक एवढाच की, तो कोणी भरून काढायचा हे त्या यादीत आलेले नाही.

या सेवकांची संख्या तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारक-परिचारिका होत्या. त्यांत बहुतेक स्त्रिया. तरीही सुमारे ५८ लाखांची तूट आहेच. त्याच अहवालात असेही आले आहे की, माहिती देणाऱ्या देशांपैकी ४२ टक्के देशांतच परिचारिकांच्या मानसिक आरोग्यासाठी काही तरतूद आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक ठिकाणी दुसऱ्याचे मन सांभाळणारीचे मन सांभाळायला कोणी नेमलेले नाही.

शीण शीण म्हणतो, पण शीण एकाच प्रकारचा नसतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात क्लम म्हणून एक अवस्था वर्णिली आहे. श्रम केल्यावर धाप लागते, घाम येतो, मग झोपले की माणूस ताजा होतो. क्लम तसा नव्हे. त्यात अंगमेहनतीवाचून थकवा वाढतो, धाप लागत नाही आणि इंद्रिये आपापल्या विषयाकडे वळेनाशी होतात. डोळे पाहतात पण पाहवत नाही, कान ऐकतात पण ऐकवत नाही. न्यू यॉर्क शहरातील एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली अशाच एका अवस्थेवर लिहिले आणि तिला 'बर्नआउट' म्हटले. पुढे १९८१ साली क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी तिची तीन लक्षणे मोजण्याची रीत बसवली. पहिले, भावना आटून जाणे. दुसरे, समोरचा माणूस माणूस न वाटता वस्तू वाटू लागणे. तिसरे, आपल्या हातून काही भले होते आहे ही खात्रीच जाणे. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची नोंद केली, पण रोग म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणी उपजणारी गोष्ट म्हणून केली. हा भेद आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. रोग म्हटले की औषध रोग्याला द्यायचे. कामातून उपजते म्हटले की आधी कामाकडे पाहावे लागते.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो. कोणी म्हणेल, "महाराज, खऱ्या सेवेला शीण येतच नाही. शीण येतो तो अहंकाराला, फळाच्या आशेला. निष्काम होऊन केले तर थकवा कसला?" हा पक्ष लेचापेचा नाही. आम्ही पाठशाळेत गीतेवर जे भाष्य वाचले, त्यातून हाच अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. परंतु या पक्षात एक मोठी खोट आहे. निष्कामता ही ज्याची त्याने स्वतःच्या मनाला लावून पाहायची. ती दुसऱ्याला लावता येत नाही. दवाखान्याचा मालक परिचारिकेला म्हणतो, "बाई, निष्काम व्हा, ही सेवा आहे," तेव्हा त्या वाक्यात कामना भरलेली असते, आणि ती मालकाची असते. तिने जादा पाळी करावी, जादा पैसा मागू नये, ही ती कामना. एकाच्या वैराग्यावर दुसऱ्याने नफा काढावा, हे कोणत्या शास्त्रात बसते?

आणि दुसरे असे की, देह हा देहच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे दिवा घेतलेले चित्र सर्वांनी पाहिले आहे. १८५४ साली त्या क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी स्कुटारीला गेल्या. त्या युद्धातून परतल्यावर पुढची कितीतरी वर्षे त्या स्वतः आजारी होत्या, अंथरुणावरूनच लिहीत होत्या, हे मात्र त्या चित्रात येत नाही. १८६० साली लंडनला त्यांच्या नावाची परिचर्या-शाळा निघाली, तीही त्या आजारपणातच. त्यांच्या सेवेत अहंकार होता म्हणून त्या खाटेला खिळल्या, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

एका तालुक्याच्या गावी कीर्तन आटोपल्यावर एक परिचारिका आम्हाला भेटली. पन्नाशीची असेल. पाया पडून म्हणाली, "महाराज, पूर्वी रोगी दगावला की मी रडत असे. आता रडू येत नाही. चादर बदलते आणि पुढच्या खाटेकडे जाते. माझ्यातला देव गेला का हो?" आम्ही विचारले, "ताई, रात्री किती खाटांवर एकटी असता?" म्हणाली, "चाळीस. कधी पंचेचाळीस. खाली गादी घातलेले वेगळे." तिला आम्ही म्हणालो, "देव कुठे गेला नाही. चाळीस माणसांसाठी एका रात्रीत एका बाईने रडायचे ठरवले तर पहाटे इंजेक्शन कोण देईल?" ती हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता आणि आमच्या उत्तराने तो पुरता सुटलाही नव्हता.

लोक म्हणतात, आई थकते का? थकते हो, आपण विचारत नाही इतकेच. आणि आईची लेकरे ती किती! शिवाय पूर्वी घरात आजी, काकू, आत्या असत. एकीच्या कडेवरून पोर दुसरीच्या कडेवर जाई. परिचारिकेला चाळीस लेकरे आणि काकू कोणी नाही. याचा हिशेब शास्त्रशुद्ध झालेला आहे. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांबाबत त्यांना असे आढळले की, एका परिचारिकेवर एक रोगी वाढला की तीस दिवसांत रोगी दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिका आतून शिणून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे तिचा शीण आणि रोग्याचे मरण एकाच ताजव्यात तोलले जाते. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा करून २००४ पासून एका परिचारिकेवर किती रोगी असावेत याची मर्यादाच घातली. अतिदक्षता विभागात दोहोंपेक्षा जास्त नाहीत. अनुराग कायद्याने आणता येत नाही, खरे. पण तो शिल्लक राहील एवढी जागा कायद्याने ठेवता येते.

मग मन कठोर करावे, असा दुसरा उपाय कोणी सुचवतात. हाही करून पाहिलेला आहे. इझाबेल मेंझीस नावाच्या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातील परिचर्येचा अभ्यास केला. तो १९५९-६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. मरण, मळ, वेदना आणि उघडी शरीरे यांच्या सततच्या सहवासाने तरुण मुलींच्या मनात जी भीती उत्पन्न होई, तिच्यापासून बचाव करण्यासाठी त्या रुग्णालयाने सगळी व्यवस्थाच तशी रचली होती. एकीने एका रोग्याची सगळी शुश्रूषा करायची नाही. सर्वांची नाडी एकीने पाहायची, सर्वांची भांडी दुसरीने उचलायची. मुलींना वारंवार एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवायचे. रोग्याचे नावही घ्यायचे नाही. दहा नंबरच्या खाटेवरचे यकृत, असे म्हणायचे! हेतू काय, तर जीव लागू नये. झाले काय? भीती गेली नाही, समाधान मात्र गेले. शिकायला आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धे टाकून निघून जात.

येथे एक शब्द नीट समजून घेतला पाहिजे. पतंजलींनी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना सांगितल्या. वैद्याची वृत्ती सांगताना चरकसंहितेतही जवळजवळ हेच चार येतात, आणि तेथे उपेक्षा सांगितली आहे ती मरणाच्या वाटेला लागलेल्यांविषयी. आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. मुळात तसे नाही. 'उप' आणि 'ईक्ष्' म्हणजे जवळ राहून पाहणे. माझ्या हाताने याला वाचवता येणार नाही हे जाणून, तरी उशाशी उभे राहणे. लंडनच्या त्या रुग्णालयाने उपेक्षा साधायला जाऊन निष्ठुरता बसवली. उपेक्षेला उसंत लागते. मेलेल्याजवळ दोन क्षण थांबायला मिळाले, बरोबरीच्या बाईशी चार शब्द बोलता आले, तर मन त्या मरणाला बाजूला ठेवू शकते. धावत्या बाईला ते जमत नाही, तिला तोंड फिरवावेच लागते.

आता ज्या दुःखाबद्दल आम्हाला विशेष लिहायचे आहे त्याकडे वळतो. अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञांनी १९८४ साली परिचारिकांच्या नीतिविषयक ग्रंथात एका वेगळ्याच क्लेशाला नाव दिले. आपल्याकडे अर्जुनाचे उदाहरण देण्याची चाल आहे. धर्म कोणता हेच त्याला कळेना. दुर्योधनाचे वेगळे. त्याला धर्म कळत होता, पण तो त्याला करायचा नव्हता. जेमटन म्हणतात ते या दोहोंहून निराळे आहे. परिचारिकेला योग्य काय ते कळते, करावेसेही वाटते, पण व्यवस्था तिचे हात धरून ठेवते. हे विदुराचे दुःख आहे. सभेत बसायचे, दिसते ते सांगायचे, कोणी ऐकायचे नाही, आणि उद्या पुन्हा त्याच सभेत यायचे. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत हे दुःख जगभर एकाच वेळी उसळले. माणूस शेवटचा श्वास घेतो आहे, मुलगा दाराबाहेर आहे, आत सोडता येत नाही. मग परिचारिका हातमोजा घातलेल्या हाताने भ्रमणध्वनी त्याच्या कानाशी धरते. अमेरिकेत तर फिलिपाइन्समधून आलेल्या परिचारिका एकूण परिचारिकांत सुमारे ४ टक्केच आहेत, पण तेथील एका परिचारिका-संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये केलेल्या मोजणीत त्या साथीत मृत्यू पावलेल्या परिचारिकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश त्या होत्या. घरी पैसे पाठवण्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या या लेकी! आपल्या केरळच्या मुलींचीही कथा फार वेगळी नाही. शिक्षणासाठी काढलेले कर्ज, मग दवाखान्याचे बंधपत्र, कोठे कोठे तर मूळ प्रमाणपत्रेच ठेवून घेण्याची रीत. २०११-१२ साली केरळात आणि मोठ्या शहरांत त्यांनी संप केले ते याच गोष्टींसाठी.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी आपण सर्वांनी थाळ्या वाजवल्या. चार दिवसांनी इंग्लंडात लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवू लागले. वाजवल्या ते चांगलेच केले. परंतु त्याच देशात, १५ डिसेंबर २०२२ रोजी, १९१६ साली स्थापन झालेल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगच्या परिचारिका इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये संपावर गेल्या. एवढा मोठा संप त्या संस्थेच्या इतिहासात पूर्वी झाला नव्हता. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खाजगी दवाखान्यांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यास समिती नेमावयास सांगितले. पन्नासहून कमी खाटांच्या दवाखान्यातही महिना २० हजारांहून कमी वेतन नसावे, अशी शिफारस त्या समितीने केली. ही शिफारस आपल्या गावच्या दवाखान्यात कितपत पोचली ते वाचकांनी तेथील सिस्टरलाच विचारावे.

या बायांना मान कमी का, याचे एक कारण आपल्या सोवळ्यात आहे. परक्याच्या मळमूत्राला हात लावणारी बाई आपण दूर ठेवली. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि त्यातून विधवांना व इतर स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळू लागले, तेव्हा पुण्याच्या कित्येक घरांतून नाके मुरडली गेली. असो. ज्यांनी नाके मुरडली त्यांच्याही उशाशी शेवटी कोणीतरी परिचारिकाच बसली असेल.

जपानची एक गोष्ट मराठीत फारशी कोणी सांगत नाही. तेथे कामाच्या ओझ्याने मरण येणे यासाठी 'करोशी' असा स्वतंत्र शब्दच आहे आणि विसावा मागणे हा तेथे कमीपणा मानला जातो. अशा देशात परिचारिकांनी मागितले काय, तर दोन आणि आठ. रात्री वॉर्डात एकटीला ठेवू नका, दोघी असू द्या. आणि महिन्यात आठांहून अधिक रात्री देऊ नका. १९६५ साली तेथील सरकारी नोकरांच्या आयोगाने ही मागणी रास्त ठरवली. कागदावरचे अमलात यावे म्हणून १९६८ पासून त्यांना पुन्हा झगडावे लागले ते वेगळेच. पैसा हा त्या मागणीचा गाभा नव्हता, सोबत हा होता. आम्हाला ही मागणी वाचून आपल्या सप्ताहातील वीणा आठवली. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकत नाही. पण म्हणून एकच विणेकरी सात दिवस उभा राहतो काय? पहारे लावलेले असतात, पाटीवर नावे लिहिलेली असतात. पुढच्या पहाऱ्याचा माणूस वेळेवर आला नाही तर आपणच त्याला उठवायला धावतो. सेवा अखंड असावी आणि सेवक बदलावा, हे ज्ञान आपल्या गावोगावच्या मंडळींना आहे. दवाखान्याच्या बाबतीत मात्र आपण एकाच बाईच्या खांद्यावर वीणा ठेवतो आणि तिचे खांदे दुखले की तिला भक्ती कमी आहे म्हणतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात परिचारिका असलेल्या या तरुण मुलीवर तेथीलच एका नोकराने अत्याचार केला आणि तिच्या मेंदूला जी इजा झाली ती भरून आली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचे देहावसान होईपर्यंत, एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांनी तिला भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला जखम पडू दिली नाही. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तकंठाने वाखाणणी केली. हे दृष्टान्त म्हणून आम्हीही कीर्तनात सांगतो. पण त्यातील दोन गोष्टी बहुधा गाळल्या जातात. एक, त्याच परिचारिकांनी १९७३ साली संप केला होता. अरुणेसाठी, आणि आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेसाठी. पुढे तिला तेथून हलवण्याचा घाट घातला गेला तेव्हाही त्या आडव्या उभ्या राहिल्या. ज्या हातांनी संप केला त्याच हातांनी भरवले. सेवा आणि हक्क यांत त्यांना विरोध दिसला नाही. दुसरी गोष्ट, हे काम कोणी एकीने केले नाही. किती जणी निवृत्त झाल्या, किती नव्या आल्या, पाळ्या लावून, एकीने दुसरीच्या हाती देत हे झाले. आणि कोणी त्यांना तसे करण्याचा हुकूम काढला नव्हता.

आषाढीत पांडुरंगाचा पलंग काढतात, शेजारती थांबते, देव रात्रंदिवस भक्तांसाठी उभा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री काढा दाखवतात, शिणवटा जावा म्हणून. देवाला शीण येतो असे मानायला आपल्याला कधी संकोच वाटला नाही.

शेवटी एक व्यवहाराचा प्रश्न. परिचर्येचे काम करणाऱ्या काही माळकरी भगिनी विचारतात की, एकादशीला रात्रपाळी आली तर उपवास कसा करावा, आणि मोडला तर दोष लागतो का. धर्मशास्त्रात पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही असे म्हटले आहे. गुरूच्या आज्ञेने खाल्ले तरीही मोडत नाही. तेव्हा रात्रपाळीच्या भगिनीने सायंकाळी दूध आणि फळे घ्यावीत, मध्यरात्री पुन्हा घ्यावीत, आणि चक्कर येईलसे वाटले तर सरळ जेवावे. कोणी विचारलेच तर आमचे नाव सांगावे.